राहून गेलेल्या तीन आरएमडी: दोन काकांच्या, एक काकूंची

एडिसन, न्यू जर्सी इथल्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण. आरएमडी म्हणजे अमेरिकेत निवृत्तीच्या खात्यातून ठरावीक वयानंतर दर वर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील बदलले आहेत आणि गणिताला सोपे पडावेत म्हणून आकडे गोल केले आहेत. कामाचा क्रम आणि नियम मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळी गोम क्रमातच आहे.

परिस्थिती

काकांचा जन्म ऑक्टोबर १९४९ चा, काकूंचा १९५३ चा. काका इंजिनिअर. नोकऱ्या बदलल्या तसतसे जुन्या कंपन्यांमधले ४०१-के (कंपनीमार्फतची निवृत्ती खाती) त्यांनी एका ब्रोकरेजमधल्या पारंपरिक आयआरए खात्यात (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) आणले. शेवटच्या कंपनीतला छोटा ४०१-के तेवढा तिथेच राहिला. घरातली पैशाची सगळी कामं त्यांच्याकडे. पासवर्ड त्यांना ठाऊक, ईमेल त्यांचा, कागदी पत्रं बंद करून सगळं ऑनलाइन. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. हात-पाय बरेचसे सावरले, पण स्मरणशक्ती सावरली नाही. पुढे डिमेन्शियाचं निदान झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काकू मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या, त्या आरएमडीसाठी नव्हे. पुण्याहून दिरांनी फोनवर बजावलं होतं की वारस दाखल्याशिवाय बँक दारात उभी करणार नाही, तेव्हा आधी दाखला काढा. आपल्याकडच्या अनुभवातून दिलेला हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. भारतात नॉमिनी बहुतेक ठिकाणी पैसे सांभाळणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांची. अमेरिकेतल्या आयआरएचं तसं नाही. बेनिफिशियरी म्हणून ज्याचं नाव, पैसे त्याचे, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. इथे एकट्या काकूंचं नाव होतं. मृत्यूचा दाखला आणि ब्रोकरेजचा अर्ज एवढ्यावर खातं त्यांच्याकडे येणार होतं.

म्हणजे काम अर्ध्या तासाचं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: “काकू, या वर्षीची आरएमडी काकांनी जाण्याआधी घेतली होती का?”

“अरे, ते पैसे दर डिसेंबरात आपोआप येतात. जानेवारीत त्याचा कागदही येतो,” काकू म्हणाल्या आणि फाइलमधून तो कागद काढून दिला.

कागद १०९९-आर, म्हणजे निवृत्ती खात्यातून निघालेल्या रकमेचा करासाठीचा दाखला, होता खरा, पण ४०१-केचा.

कागद काय सांगत होते

इथे ज्यांचा या नियमाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पारंपरिक आयआरए आणि ४०१-के मधल्या पैशांवर वर्षानुवर्षं कर लागलेला नसतो. म्हणून ठरावीक वयानंतर दर वर्षी किमान काही रक्कम काढायचीच आणि तिच्यावर कर भरायचा, अशी सक्ती आहे. तीच आरएमडी. पीपीएफमध्ये वय झालं म्हणून दर वर्षी पैसे काढायची सक्ती नसते, त्यामुळे आपल्या लोकांना ही सक्ती पचायला जड जाते. हे वय आधी साडेसत्तर होतं. २०२० पासून ते ७२ झालं आणि २०२३ पासून ७३. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ७५ आहे. काका साडेसत्तरीला पोहोचले २०२० मध्ये, म्हणून त्यांना ७२ चा नियम लागला आणि पहिली आरएमडी २०२१ ची ठरली.

२०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी त्यांनी संकेतस्थळावर जाऊन स्वतः पैसे काढले होते, दोन्ही वेळा नोव्हेंबरात. स्वयंचलित सोय लावलेली नव्हती. पुढे आजारपण आलं आणि हात थांबला.

४०१-केची योजना मात्र दर डिसेंबरात आपली रक्कम न सांगता पाठवत होती. दोन-अडीच हजार डॉलर, आणि मागोमाग १०९९-आर. त्यांचं रिटर्न भरणाऱ्या माणसाने ७५ वर्षांच्या गृहस्थांच्या फाइलमध्ये सात क्रमांकाच्या कोडचा (वयानुसार नेहमीसारखी काढलेली रक्कम) १०९९-आर पाहिला आणि आरएमडी झाली असं धरून चालला. मला त्याला फार दोष द्यावासा वाटत नाही, पण नियम स्पष्ट आहे: चार आयआरए असतील तर सगळ्यांची मिळून रक्कम एका आयआरएमधून काढता येते, ४०१-केची मात्र ज्याची त्यातूनच काढावी लागते. ४०१-केमधून काढलेला एकही डॉलर आयआरएच्या खाती जमा धरता येत नाही. ब्रोकरेज दर जानेवारीत आरएमडीची सूचना पाठवत होतं, ती काकांच्या न उघडलेल्या ईमेलमध्ये पडून होती. ब्रोकरेजवर कळवण्याचं बंधन आहे, काढायला लावण्याचं नाही.

काकांच्या ईमेलमध्ये शिरायला मुलीचे दोन शनिवार गेले. तिथून शिलका मिळाल्या. आदल्या ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले वयानुसार आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या) तक्त्यातला भाजक, एवढंच गणित:

२०२३: ४,०८,००० ÷ २५.५ (वय ७४) = १६,००० डॉलर
२०२४: ४,६७,४०० ÷ २४.६ (वय ७५) = १९,००० डॉलर
२०२५: ५,२१,४०० ÷ २३.७ (वय ७६) = २२,००० डॉलर

शेवटच्या ओळीत वय ७६ का, असं मुलीने विचारलं. काका गेले तेव्हा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होती. पण ज्या वर्षी माणूस जातो त्या वर्षाची आरएमडी तो ३१ डिसेंबरपर्यंत जगला असता असं धरूनच काढतात.

एकूण ५७,०००. मुलीने कुठेतरी वाचलं होतं की चुकलेल्या रकमेच्या निम्मा दंड बसतो. २८,५०० डॉलर! त्या आकड्याने दोघींची झोप उडाली होती. ही माहिती जुनी आहे. पन्नास टक्के दंड २०२२ पर्यंतच्या चुकांना होता. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने तो २५ टक्के केला, आणि ठरलेल्या मुदतीत चूक दुरुस्त केली तर १०. शिवाय रास्त कारण दाखवलं तर पूर्ण माफीची तरतूद पूर्वीपासून आहे. ओळखीतल्या अर्ध्या लोकांच्या डोक्यात अजून पन्नासच बसलं आहे, आणि त्या धास्तीने लोक गप्प राहतात.

एक चूक नव्हे, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या

तीन वर्षं, तीच चूक, एकाच अर्जात उरकू, असं वाटणं साहजिक आहे. कायद्याच्या नजरेत मात्र यात दोन वेगळी माणसं आहेत.

२०२३ आणि २०२४ ची रक्कम काढायची जबाबदारी काकांची होती. ते हयात होते, खातं त्यांचं होतं. त्या दोन वर्षांचा दंड लागला तर तो त्यांच्यावर, म्हणजे आता त्यांच्या इस्टेटीवर. अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाने, आणि सही इस्टेटीच्या वतीने. २०२५ ची रक्कम काढण्याआधी ते गेले, त्यामुळे ती जबाबदारी काकूंवर आली. तिथे काकूंकडून काही चुकलेलंच नव्हतं, कारण वर्ष अजून संपायचं होतं. आणि समजा संपलं असतं, तरी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मृत्यूच्या वर्षाची राहिलेली आरएमडी बेनिफिशियरीने पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत काढली तर दंड आपोआप माफ होतो, अर्जही लागत नाही.

पैसे मात्र तिन्ही वर्षांचे काकूंनाच मिळणार, आणि कर त्यांनी ते ज्या वर्षी घेतले त्या वर्षी लागणार. २०२३ चे पैसे म्हणून २०२३ चं रिटर्न उघडायचं नसतं. चुकलेल्या रकमेवर मधल्या काळात झालेली वाढही वेगळी काढावी लागत नाही.

घाई कशाची होती

दुरुस्तीची मुदत, म्हणजे १० टक्क्यांची सवलत, ज्या वर्षी चूक झाली त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपते. आयआरएसने त्याआधी दंडाची आकारणी केली किंवा नोटीस पाठवली तर आणखी लवकर. २०२३ च्या चुकीसाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. आम्ही ऑक्टोबरात बसलो होतो. शिवाय मुदतीत नुसते पैसे काढून भागत नाही, तो दंड दाखवणारा फॉर्मही त्याच मुदतीत जावा लागतो. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. पैसे डिसेंबरात काढतात आणि फॉर्म एप्रिलच्या रिटर्नसोबत पाठवू म्हणतात.

दुसरं कारण कराचं, आणि माझ्या मते दंडापेक्षा तेच मोठं होतं. काका २०२५ मध्ये गेल्यामुळे त्या वर्षाचं रिटर्न जोडीने भरता येणार होतं. २०२६ पासून काकू एकट्या. मुलीचा विचार होता की सगळं एका वर्षात नको, थोडं पुढच्या वर्षी काढू, उत्पन्न विभागलं जाईल. एरवी हा विचार बरोबर ठरला असता. इथे उलट होता. ५७,००० च्या जोडीला करपात्र सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ३०,६०० आणि व्याज, डिव्हिडंड, ४०१-के मिळून ८,०००, असे ९५,६००. जोडीच्या रिटर्नवर २०२५ ची प्रमाणित वजावट, ज्येष्ठांची वाढीव वजावट आणि त्याच वर्षी आलेली दोघांची मिळून १२,००० ची नवी वजावट गेल्यावर करपात्र उरतात ४८,९००. जोडीसाठी १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० पर्यंत जातो, म्हणजे बरीच जागा शिल्लक. हेच उत्पन्न २०२६ मध्ये एकटीच्या रिटर्नवर आलं असतं तर १२ टक्क्यांचा टप्पा ५०,४०० लाच संपतो, आणि सुमारे २२,००० डॉलर २२ टक्क्यांच्या टप्प्यात गेले असते. न्यू जर्सीत ६२ वर्षांवरच्या जोडप्याला निवृत्तीच्या उत्पन्नावर एक लाखापर्यंत सूट मिळते, एकट्याला ७५,००० पर्यंत. सोशल सिक्युरिटीवर राज्याचा कर नाहीच. त्यामुळे २०२५ मध्ये राज्याला या पैशावर काही द्यावं लागलं नाही.

तिन्ही रकमा डिसेंबर २०२५ संपायच्या आत काढायच्या, असं ठरलं.

क्रम

इथे एक अडथळा आला. ब्रोकरेजच्या फोनवरच्या प्रतिनिधीने काकूंना सांगितलं, “तुम्ही पत्नी आहात, सगळं खातं सरळ तुमच्या आयआरएमध्ये वळवू. पाच दिवसांत होईल.” ऐकायला सोयीचं होतं, आणि पत्नीला तो हक्क खरोखर आहे. पण आरएमडीची रक्कम वळवता येत नाही, आणि मागच्या वर्षांची राहिलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या आरएमडीत मिळवली जाते. ५७,००० सकट सगळं वळवलं असतं तर तेवढी रक्कम काकूंच्या आयआरएमध्ये बेकायदा भर धरली गेली असती. तशी भर वेळेत बाहेर काढली नाही तर तिच्यावर दर वर्षी सहा टक्के दंड. एक चूक निस्तरताना दुसरी उभी राहिली असती.

म्हणून आधी इनहेरिटेड (वारशाचं) आयआरए खातं उघडलं, ज्याच्या शीर्षकात काका दिवंगत आणि काकू बेनिफिशियरी अशी दोन्ही नावं येतात. काकांच्या खात्यातलं सगळं तिथे आलं. त्यातून काकूंच्या बँक खात्यात १६,०००, १९,००० आणि २२,००० असे तीन वेगळे व्यवहार केले. १०९९-आर एकच येणार होता, ५७,००० चा, मृत्यूपश्चात रकमेचा चार क्रमांकाचा कोड घालून. तरी खात्याच्या उताऱ्यावर प्रत्येक वर्षाची रक्कम वेगळी दिसली की पुढे कोणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येतं. प्रत्येक रकमेतून १२ टक्के केंद्रीय कर तिथेच कापून घेतला. असा कापलेला कर वर्षभर समान भरल्यासारखा धरतात, त्यामुळे वर्षअखेरीस मोठी रक्कम आली म्हणून आगाऊ कराचा वेगळा दंड लागत नाही. तिन्ही व्यवहार उताऱ्यावर दिसल्यानंतरच उरलेले पैसे काकूंच्या स्वतःच्या आयआरएमध्ये वळवले.

प्रतिनिधी शेवटपर्यंत म्हणत होता की हा उगाच लांबचा रस्ता आहे. मी काकूंना सांगितलं, त्याच्याशी वाद घालू नका, फक्त सही करू नका.

माफीचा अर्ज

हा दंड दाखवायचा फॉर्म म्हणजे फॉर्म ५३२९, भाग नऊ. २०२३ साठी २०२३ चाच फॉर्म आणि २०२४ साठी २०२४ चा. ताज्या फॉर्मवर जुनं वर्ष चालत नाही. मुदतीत दुरुस्त केलेल्या रकमेसाठी त्यात १० टक्क्यांची वेगळी ओळ आहे. काढायला हवी होती ती रक्कम आणि काढलेली शून्य रक्कम लिहायची, शेजारच्या टिंबांच्या रेषेवर ‘आरसी’ ही इंग्रजी आद्याक्षरं आणि कंसात माफ करून हवी असलेली रक्कम. आरसी म्हणजे रास्त कारण. त्यानंतर दंड शून्य. मुलीने चेकबुक आणलं होतं, की आधी ३,५०० भरून टाकू, मग परत मागू. गरज नाही. माफी मागताना दंड आधी भरायचा नसतो. नाकारली तर आयआरएस कळवते, तेव्हा भरायचा. सगळ्यात वाईट धरलं तरी २०२३ चे १,६०० आणि २०२४ चे १,९००, म्हणजे तेच साडेतीन हजार.

खरं काम सोबतच्या पत्राचं. आयआरएसला दोन गोष्टी दिसायला हव्यात: चूक रास्त कारणाने झाली आणि ती निस्तरायला पावलं उचलली. पत्रं लांबलचक लिहून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. पन्नास वर्षांचा संसार, त्यांचा स्वभाव, मुलांचं शिक्षण, सगळं येतं. तारखा येत नाहीत. आमचं पत्र एका पानाचं होतं. पहिल्या परिच्छेदात २०२१ आणि २०२२ च्या आरएमडी वेळेवर घेतल्याचं, त्या वर्षांच्या १०९९-आरच्या प्रतींसह. माझ्या मते या पत्रातला सगळ्यात वजनदार भाग तोच, कारण हा माणूस नियम पाळणारा होता हे त्यातून दिसतं. दुसऱ्या परिच्छेदात डिसेंबर २०२२ चा पक्षाघात, निदानाची तारीख, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, आणि सूचना फक्त त्यांच्याच ईमेलवर जात होत्या ही गोष्ट. तिसऱ्यात पत्नीला कधी कळलं, रक्कम कधी काढली, उतारा जोडला आहे. विनंतीचं वाक्य एकच.

काकूंना त्या पत्रात हेही घालायचं होतं की रिटर्न भरणाऱ्याने लक्ष दिलं नाही. मी नको म्हणालो. त्याला ब्रोकरेजची पत्रं कधी दाखवलीच नव्हती, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणारं पत्र वाचणाऱ्याच्या मनात नसलेले प्रश्न उभे करतं.

सही कोणाची? मृत्युपत्रात काकूंचं नाव एक्झिक्युटर म्हणून होतं. न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटीच्या सरोगेट कोर्टाचं (मृत्युपत्रांची कामं पाहणाऱ्या कोर्टाचं) प्रमाणपत्र त्यांनी आधीच घेतलं होतं, त्याची प्रत जोडली. दोन वर्षांचे दोन अर्ज दोन वेगळ्या पाकिटांतून, सर्टिफाइड मेलने, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. एका पाकिटात दोन वर्षं घातली की एखादं गहाळ होण्याची मला धास्ती असते. २०२५ साठी अर्ज नाहीच.

पुढे काय झालं

आयआरएसकडून हे लिहीपर्यंत काही आलेलं नाही. या अर्जांच्या बाबतीत तो चांगला संकेत असतो. मंजुरीचं पत्र बहुधा येत नाही, नकाराचं येतं. अजून एक दिलासा २०२२ च्याच कायद्यातला: फॉर्म ५३२९ भरला नसला तरी या दंडासाठीची तीन वर्षांची मुदत आता मूळ रिटर्न भरल्यापासून मोजतात. काकांचं २०२३ चं रिटर्न एप्रिल २०२४ मध्ये गेलं, म्हणजे एप्रिल २०२७ नंतर ते वर्ष बंद. पूर्वी फॉर्म ५३२९ भरलाच नाही तर ही मुदत सुरूच होत नसे.

काकू २०२६ मध्ये ७३ च्या, म्हणजे आता त्यांची स्वतःची आरएमडी सुरू. ३१ डिसेंबर २०२५ ची शिल्लक ४,७७,०००, भाजक २६.५, रक्कम १८,०००. पहिली आरएमडी १ एप्रिल २०२७ पर्यंत लांबवता येते, पण मग २०२७ मध्ये दोन वर्षांच्या रकमा एकत्र येतात, तेही एकटीच्या रिटर्नवर. म्हणून लांबवली नाही. दरमहा १,५०० डॉलर आपोआप बँकेत जमा होतात, करकपातीसकट. ब्रोकरेजची पत्रं पुन्हा कागदावर सुरू केली आणि मुलीचं नाव विश्वासू संपर्क म्हणून नोंदवलं. त्याने तिला खात्यावर व्यवहार करता येत नाही, पण काही विचित्र दिसलं तर ब्रोकरेज तिला फोन करू शकतं.

बेनिफिशियरीचा फॉर्म नव्याने भरावा लागला, कारण काकूंच्या खात्यावर बेनिफिशियरी म्हणून अजून काकांचंच नाव होतं. मुलगी आणि पुण्यातला मुलगा, निम्मे-निम्मे. मुलगा अमेरिकेचा नागरिक नाही आणि तिथला रहिवासीही नाही, त्यामुळे त्याला मिळणाऱ्या रकमेतून ब्रोकरेज एरवी ३० टक्के कापून घेईल. त्याचा कर क्रमांक आणि त्याच्या बाजूचे कागद कसे करायचे, हे आम्ही मे महिन्यात तो आला की बसून ठरवणार आहोत.